मजले वाढतात, सूर्यप्रकाश वाढत नाही

मराठी मनाला स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर आठवते. तेथील फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर, तर बेंगळुरूची सुमारे ९०० मीटर. दर किलोमीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीच्या हिशेबाने दोहोंत तीन अंशांचे अंतर पडते. स्ट्रॉबेरीच्या अनेक प्रचलित वाणांना फुलोरा धरण्यासाठी लहान दिवस आणि थंड रात्री लागतात. त्यामुळे हे तीन अंश क्षुल्लक नाहीत. बेंगळुरूत हे पीक घ्यायचे, तर हरितगृह, मातीऐवजी कोकोपीट आणि मुळांशी खेळते राहणारे थंड पोषकद्रावण अशी सारी व्यवस्था उभारावी लागते.

शहरात जागा महाग, म्हणून ही शेती थरांवर थर रचून केली जाते. पाच थर म्हणजे पाचपट उत्पादन, असा सरळ हिशेब मग मांडला जातो. पण छतावर पडणारा प्रकाश तेवढाच राहतो. वरचे थर त्यातील मोठा वाटा घेतात, खालच्यांच्या वाट्याला सावली येते. ती उणीव एलईडी दिव्यांनी भरून काढावी लागते.

त्याची किंमत कागदावर काढता येते. एक किलो स्ट्रॉबेरीत सुमारे ३२० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या मापात ०.३७ युनिट ऊर्जा असते. केवळ दिव्यांवर वाढवलेल्या पिकात, विजेचा २ टक्के भाग फळात उतरतो असे मानले, तरी किलोमागे साधारण १८ युनिट खर्ची पडतात. शीतकरणाचा खर्च निराळा.

मग हा खटाटोप व्यर्थ आहे काय? नाही. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. हजार लिटर पाणी तेवढे चढवण्यास, कोणतीही गळती न धरता, १.३६ युनिट ऊर्जा लागते. २०२४च्या उन्हाळ्यात या शहराने टंचाईही सोसली. निथळलेले द्रावण पुन्हा वापरणारी शेती येथे खरीखुरी बचत करते.

म्हणून उत्पादनाचा आकडा समोर आला, की विद्यार्थ्यांनी त्याचा भाजक तपासावा: दर चौरस फुटाला, दर लिटरला, की दर युनिट विजेला? आणि संधी मिळाल्यास भर दुपारी प्रकाशमापक घेऊन प्रत्येक थरावरील प्रकाश मोजावा. सर्वांत खालच्या थराचे मोजमाप विसरू नये.