तिन्हीसांजेची मोजदाद

पिशोरला संध्याकाळ आधी कोंबड्यांना कळते. अंजनेच्या काठच्या बाभळींवर अजून ऊन असतं, अद्रकीच्या वावरातून माणसं परतायची असतात, आणि आमच्या परसातली कबरी उकिरडा उकरता उकरता थांबते, मान उंच करून एकदा इकडंतिकडं बघते आणि खुराड्याची वाट धरते. कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. उजेड सरायच्या आत घर गाठायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. कबरीमागून मग एकेक जण येते. वाटेत सापडलेला दाणा टिपत, दाराशी थोडी ढकलाढकली करत.

त्या वेळी आत्याबाई ओट्यावर येऊन बसतात. दिवसभरात त्यांचे हात रिकामे दिसतात ते एवढ्याच वेळेला. मी लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात कोंबड्या कोंडायचं काम माझ्याकडं आलं. खुराड्याच्या दाराशी उभी राहून मी नीट मोजल्या आणि सांगितलं, "आत्याबाई, तेरा हायेत."

"हायेत किती ते काय करायचं मला? नाही कोन, ते सांग."

मला सांगता आलं नाही. चौदातली एक कमी होती, एवढंच मला माहीत. त्या उठल्या, खुराड्यात डोकावल्या, "भुरी नाही" म्हणाल्या आणि थेट पऱ्हाटीच्या गंजीकडं गेल्या. भुरी तिथंच होती. खालच्या पोकळीत, नऊ अंड्यांवर पंख पसरून खुडूक बसलेली. हात जवळ नेला तशी फुलून दुप्पट झाली आणि घशातून असा आवाज काढला की मी मागं सरले. आत्याबाईंनी मात्र तिच्या पोटाखाली हात घातला, अंडी चाचपली आणि म्हणाल्या, "राहू दे. दोन दिवसांपून तिचं चित्तच नव्हतं चरण्यात." रात्री मुंगूस येऊ नये म्हणून त्यांनी तिच्यावर डालं घातलं, वर दगड ठेवला. एकविसाव्या दिवशी पहाटे मी डाल्याला कान लावला तर अंड्याच्या आतून पिल्लू बोलत होतं, आणि भुरी त्याला हळूच उत्तर देत होती.

तेव्हापासून मी कोंबड्या ओळखायला शिकते आहे.

कबरी थोरली. तिच्या आधी कुणी दाण्याला तोंड लावलं तर डोक्यावर एकच टोच बसते, तेवढी पुरते. काळी कबरीला भिते पण चितळीला टोचते, चितळी बुचडीला. ही उतरंड एकदा ठरली की रोज भांडावं लागत नाही. नॉर्वेमधल्या थॉरलीफ शेल्डरुप-एब नावाच्या माणसानं लहानपणी घरच्या कोंबड्या बघता बघता कोण कुणाला टोचतं ते टिपून ठेवायला सुरुवात केली, आणि पुढं १९२१-२२ च्या सुमारास त्यावर शास्त्रीय लेखन केलं. आज माणसांच्या कचेरीतल्या उतरंडीबद्दल बोलतानाही जगभर कोंबड्यांच्या टोचण्याचा दाखला दिला जातो, तो तिथून आला. तो टिपणं करणारा पोरगा मला फार जवळचा वाटतो. आमच्या गल्लीत अशी टिपणं कुणी लिहिली नाहीत, पण ती तोंडपाठ असलेल्या बाया घरोघर आहेत.

बुचडीच्या डोक्यावर पिसांचा बुचडा आहे, तो डोळ्यांवर येतो. बाजूनं कोण आलं ते तिला उशिरा दिसतं, म्हणून ती सदा दचकते. तिला भित्री म्हणणं अन्यायाचं आहे. जवळ जाताना लांबूनच "आऽऽ आऽऽ" असा आवाज दिला की ती तळहातावरून दाणे खाते. बोडकीच्या मानेवर पीसच नाही. लाल, उघडी मान बघून पाहुण्यांना वाटतं, हिला काही रोग झाला. पण ती जातच तशी. वैशाखात बाकीच्या चोची वासून रांजणाच्या ओलीला पडलेल्या असतात तेव्हा बोडकी भर दुपारी चरत असते, कारण उघड्या मानेतून अंगातली उष्णता निघून जाते. बाकीच्यांचे हाल बघवत नाहीत. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच तिला अंग थंड करावं लागतं, आणि सारख्या धापा टाकून रक्तातलं असं काही कमी होतं की अंड्याचं कवच पातळ पडतं. उन्हाळ्यात हातात उचलताच अंडं फुटतं ते त्यामुळं.

आणि तांबडा कोंबडा. त्याला चांगला दाणा सापडला की तो गिळत नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, परत उचलतो आणि टुक-टुक-टुक करत बोलावतो. जी आधी पळत येईल तिच्यापुढं दाणा टाकून बाजूला होतो. आकाशात घार दिसली तर त्याचा आवाज बारीक आणि लांब. मांजर किंवा मुंगूस दिसलं तर तुटक, खडखडीत. पहिल्या आवाजाला पिल्लं पऱ्हाटीखाली शिरतात, दुसऱ्याला सगळ्या माना वर करून उभ्या राहतात. हे कळायला मला दोन पावसाळे लागले. आता चुलीपुढं भाकरी थापत असले तरी मी सांगते, संकट वर आहे की जमिनीवर.

गावरान कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते. पिंजऱ्यातली पांढरी तीनशेच्या आसपास देते, हे मला माहीत आहे. पण हिला चारा विकत आणावा लागत नाही. मक्याच्या खळ्यावरचा सांडलेला दाणा, कण्या, गांडुळं, वाळवी यावर ती जगते. एक अंडं तयार व्हायला पंचवीस-सव्वीस तास लागतात. म्हणून कबरी आज नऊला अंडं घालते, उद्या दहा-साडेदहाला, मग दुपारी, आणि फारच उशीर झाला की एक दिवसाचा खाडा. हा हिशेब आत्याबाईंच्या बोटांवर असतो, कारण तो पैसा त्यांचा आहे. कपाशीचा, मक्याचा, अद्रकीचा पैसा बाप्यांच्या खिशात जातो; अंड्यांचा पैसा फडताळातल्या डब्यात पडतो. माझ्या नणंदेच्या वह्या-पुस्तकांना त्या डब्यानं हात दिला. परसातल्या कोंबड्यांना जोडधंदा म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी एकदा तो डबा उघडून बघावा.

कोंबडी आपलं दुखणं लपवते. कळपात दुबळं दिसणं तिला परवडत नाही. ती पंख टाकून कोपऱ्यात बसली, डोळे मिटायला लागली, की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून संध्याकाळी बघायचं ते अंग नव्हे, स्वभाव. नेहमी पहिली येणारी आज मागं का राहिली? टोचणारीनं आज टोचलं का नाही?

एका वर्षी चैत्र सरता सरता लाखीनं, तेव्हाच्या थोरलीनं, एका तलंगेला आपल्या आधी दाणा खाऊ दिला. मला ते बघून बरं वाटलं होतं. आत्याबाईंचा चेहरा उतरला. "लाखी काहून गप्प हाये?" म्हणाल्या आणि तिला उचलून तिचं अन्ननळीचं पोटलं दाबून बघितलं. ते रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी ती हिरवं पातळ हगली. तिसऱ्या दिवशी चोच उघडून घरघरायला लागली, मग पाय ओढायला लागली, आणि मग मान पाठीवर वळली ती वळलीच.

मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊँच्या डोंगरातल्या त्या गावात १९२७ च्या सुमारास आपल्या देशात ती प्रथम ओळखली गेली. विषाणूचा रोग. एकदा झाला की त्याला औषध नाही. आम्ही लसूण दिला, हळद दिली, अद्रकीचा रस चमच्यानं पाजला, खुराड्यात कडुनिंबाचा पाला अंथरला. आठ दिवसांत चौदातल्या अकरा गेल्या. खोल खड्डा खणून, चुना टाकून पुरल्या. त्याच आठवड्यात नाल्यात कुणीतरी टाकलेली मेलेली कोंबडी कुत्रं ओढत होतं. आजारी कोंबडी घाईनं बाजारात नेऊन विकणारेही असतात. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही, कारण त्या एका कोंबडीमागं चार गावांतले फडताळातले डबे रिकामे होतात.

आणि हे सगळं टळण्यासारखं होतं. मानमोडीची लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात, आणि दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बीचं इंजेक्शन. लासोटा हे अमेरिकेतल्या ज्या माणसाच्या कोंबड्यांमधून तो सौम्य विषाणू मिळाला, त्याचं आडनाव. आर-टू-बीचा वाण मात्र आपल्याच मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाला, राणीखेत ज्या कुमाऊँच्या डोंगरात आहे त्याच डोंगरात. दुखणं जिथं ओळखलं गेलं तिथूनच त्यावरचा उताराही निघाला, हे मला कळलं तेव्हा फार समाधान वाटलं.

अडचण बाटलीची असते. बाटली शंभर मात्रांची, ती बर्फावर ठेवायची, आणि एकदा लस कालवली की दोनेक तासांत संपवायची. ज्या घरात दहा कोंबड्या, त्या घरानं नव्वद थेंब मातीत ओतायचे का? म्हणून बाई लस आणत नाही, आणि मानमोडी दर दोन-तीन वर्षांनी येतच राहते. परसातल्या कोंबड्यांसाठी लहान बाटली सगळीकडं सहज मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ती मिळेपर्यंत गल्लीनं एक व्हायचं. दुसऱ्या वर्षी आम्ही आठ घरांच्या बाया बसलो. प्रत्येकीनं आपली नावं सांगितली, म्हणजे कोंबड्यांची. ब्याण्णव झाल्या. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणली, आणि अंधार पडल्यावर, कोंबड्या खुराड्यात गुंगलेल्या असताना, कंदील घेऊन घरोघर फिरलो. एकीनं धरायचं, एकीनं थेंब सोडायचा. डोकं आडवं करून धरलं की थेंब डोळ्यावर क्षणभर भिंगासारखा उभा राहतो. पापणी मिटेपर्यंत सोडायचं नाही. पापणी मिटली की पुढची. बुचडीच्या वेळी मात्र आधी आवाज दिला, बुचडा बोटानं मागं सारला, मगच थेंब सोडला.

बर्ड फ्लूची धास्ती याहून निराळी. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला तो आला आणि पुढच्याच महिन्यात आमच्या औट्रम घाटाखालच्या जळगाव जिल्ह्यात, घरोघरच्या परसातही सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात आठशेच्या वर कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं निदान केलं. तिथं मग परिसरातल्या चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्याही माराव्या लागल्या. ते करायलाच हवं होतं, हे मला पटतं. तरी त्या आठवड्यात रोज रात्री माझ्या मनात यायचं: त्या गावातही कुणी ओट्यावर बसून नावं घेत असेल.

मानमोडीतून वाचलेल्या तिघींतली एक ती तलंग, लाखीनं जिला दाणा खाऊ दिला होता. ती जगली, पण मान एका अंगाला वळलेली राहिली. आम्ही तिला वाकडी म्हणतो. जमिनीवरच्या दाण्यावर ती नेम धरते आणि चोच दोन बोटं बाजूला पडते. पुन्हा धरते, पुन्हा चुकते. चार दिवस हे बघून आत्याबाईंनी एक खोल वाडगं काठोकाठ भरड्यानं भरलं आणि तिच्यापुढं ठेवलं. आता कुठंही चोच मारली तरी काही ना काही तोंडात येतंच. बाकीच्या आल्या तर आत्याबाई पदरानं हाकलतात. वाकडीचं पोट फुगेपर्यंत त्या वाडग्यापासून हलत नाहीत. आता ती अंडीही देते. जरा लहान, पण देते.

संध्याकाळी ती सगळ्यांत शेवटी येते. सरळ चालायला गेली की वळणावळणानं एकीकडंच जाते आणि खुराड्याचं दार चुकवून पुढं भिंतीशी उभी राहते. मग मी जाते, दोन्ही हातांत तिला धरते, दाराकडं तोंड करून ठेवते. आतून कबरी कुरकुरते, काळी थोडी सरकते.

"कोन नाही?" ओट्यावरून आवाज येतो.

"समद्या आल्या, आत्याबाई. वाकडी पण."

मग मी दार लावते आणि त्याला दगड टेकवते.