उघडं दार

पुण्याच्या शारदा सदनात, विधवा मुलींच्या आश्रयशाळेत, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई लेकीला, मनोरमेला, जवळ घेऊन आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत, तेव्हा खोलीचं दार लावून घेत नसत. एवढ्याशा गोष्टीवरून केवढं वादळ उठलं! सदन 1889 साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती होणार नाही, असा शब्द बाईंनी दिला होता. मुलींना आपापली पूजा, उपासतापास करायची मोकळीक होती. तरी त्यांतल्या काही जणी आपणहून त्या उघड्या दारातून आत येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी कितीतरी मुली घरी नेल्या.

त्या पालकांना मी नावं ठेवणार नाही. आपल्या लेकीच्या मनात काय चाललंय याची धास्ती कुठल्या आईबापांना नसते? रानडे-भांडारकरही काही कोत्या मनाची माणसं नव्हती. पण बाईंचं म्हणणंही खरंच होतं. मुलींनी आपला धर्म उघडपणे पाळायचा, मग मीच माझ्या प्रभूला कडी लावून का भेटावं? हा वाद वाचताना मला राहून राहून वाटतं, की पुण्याला खरी भीती बाईंच्या शब्दांची नव्हतीच, त्यांच्या जगण्याची होती. ज्यांना घरात वाळीत टाकल्यासारखं वागवलं, ज्यांचं तोंड पाहणंही अशुभ मानलं, त्या पोरींना ही बाई पोटाशी धरत होती. एवढी माया हिच्यात येते कुठून, हे त्या मुलींना पाहावंसं वाटणारच. दार तर उघडंच होतं.

बाईंनाही हाच प्रश्न पडला होता, सदनाच्या कितीतरी आधी, परक्या मुलखात. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती सिस्टरांकडे राहिल्या. तिथून त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेण्यात आलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी सिस्टर तिथं काम करत. सिस्टरांच्या आश्रयात सावरलेल्या काही बायका तिथं बाईंना भेटल्या. आता त्या आजाऱ्या-दुबळ्यांच्या सेवेत आयुष्य घालवत होत्या. बाई चकित झाल्या. संस्कृत पंडितांच्या सभा गाजवलेली ही विदुषी. वादात तिला हरवणं सोपं नव्हतं. पण इथं वाद घालायला कुणी उभंच नव्हतं. होत्या त्या फक्त कामाला लागलेल्या बायका. तुम्ही यांना जवळ का करता, असं बाईंनी एका सिस्टरला विचारलं, तेव्हा तिनं त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हे सगळं बाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

मात्र बाईंच्या आयुष्यातला पहिला दिवा फुलहॅमला लागला, असं म्हटलं तर त्यांच्या वडिलांवर अन्याय होईल. अनंतशास्त्री डोंगरे निष्ठावान ब्राह्मण. लोकांचा रोष पत्करून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. मग त्या माउलीनं लेकीला शिकवलं. देव आपलं काम कुणाकुणाच्या हातून करून घेतो, याची यादी आपण ठरवू नये.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या. वडिलांचं अंथरूण खराब झालं, की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. या बाई चादर बदलता बदलता त्यांना शेतातल्या पावसाबद्दल विचारत. वडील बोलायला लागत आणि तेवढ्यात काम उरकलेलं असे. सिस्टरांच्या गळ्यात बारीक क्रूस होता. देवाधर्माचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. ‘या बाईंचा देव चांगला असणार,’ असं वडीलच एकदा आम्हाला म्हणाले. मी मंडळीत लहानाची मोठी झाले, प्रवचनं ऐकत आले. पण साक्ष कशी दिली जाते हे मला त्या खाटेपाशी कळलं.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी, अनाथ मुली घेऊन आल्या. आईवडील, बहीण अशी घरची माणसं दुष्काळातच गमावलेली ही बाई; उपास म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि 1900 च्या सुमारास तिथं दीड हजारांवर बायका-मुली राहत होत्या. आंधळ्या बायकांसाठी वेगळी सोय होती, विणकाम होतं, छापखाना होता आणि तो बायकाच चालवत. आणि तिथंच, जिला कुठल्याच दारात उभं करत नव्हते अशा बाईसाठी, कृपा सदन होतं. फुलहॅमला पाहिलेलं बाई विसरल्या नव्हत्या.

फुलहॅमच्या त्या बायकांची नावं मला माहीत नाहीत. हिंदुस्थानातून आलेली एक तरुण विधवा आपल्याकडे टक लावून बघत होती, यापलीकडे त्यांनाही काही कळलं नसेल. त्या आपल्या रोग्यांकडे वळल्या असतील. प्रार्थनेत प्रभूचे आभार मानताना मी त्यांचे आभार आवर्जून मानते.