बाटलीत वय वाढत नाही

परवा एक बाटली उघडली. यात सांगण्यासारखं काय, असं नातेवाईक मंडळी म्हणतील (वहिनी नाक मुरडतील, ते वेगळंच!). पण ही बाटली माझ्या कपाटात जवळजवळ पंधरा वर्षं उभी होती, म्हणून सांगतो.

आधी थोडी कबुली. माझं लहानपण वर्ध्याचं. सेवाग्राम जवळ, त्यामुळे घरात दारू हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. वर्धा जिल्ह्यात आजही दारूबंदी आहे. नोकरीसाठी नागपूरला आलो आणि पन्नाशी उलटल्यावर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी माझ्या हातात पहिला ग्लास दिला. मी मराठीचा, तो विज्ञानाचा. शाळेत एकमेकांना 'सर', घरी 'अरे-तुरे'. दोघांनीही रीतसर परवाना काढला. शनिवारी संध्याकाळी एक पेग, फार तर दीड. सोबत भाजलेले शेंगदाणे. सावजीचं जेवण त्या दिवशी वर्ज्य, कारण त्या तिखटानंतर जिभेला कसलीच चव कळत नाही.

२०११ साली भाचा लंडनहून आला तेव्हा त्याने १२ वर्षांची स्कॉच आणली. मी मनातल्या मनात हिशेब केला, अजून दहा वर्षं ठेवली तर २२ वर्षांची होईल. तांदूळ जुना चांगला, लोणचं मुरलेलं चांगलं, मग ही का नाही?

सर म्हणाला, "अरे, ती लाकडाच्या पिंपात मुरते. काचेत भरली की तिचं वय तिथंच थांबलं. ही शंभर वर्षं ठेवलीस तरी बाराचीच राहणार. उघड!"

त्याचंच खरं होतं. स्कॉचला किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहावंच लागतं, आणि लेबलवरचा आकडा पिंपातल्या वर्षांचा असतो. पण मी काही ऐकलं नाही. दर दिवाळीला तो विचारायचा, "काऊन बे, यंदाही नाही?" आणि मी म्हणायचो, "चांगला प्रसंग येऊ दे."

दरम्यान आमचं शिक्षण चालूच होतं. पेन्शनीत बसेल आणि पैसे वसूल होतील अशी व्हिस्की कोणती, हा आमचा अभ्यासाचा विषय. सर लेबल वाचायला शिकवायचा. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त व्हिस्कीत मळीपासून केलेलं स्पिरिट असतं आणि माल्ट थोडंसंच. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून केलेली. आणि वयाच्या आकड्याला फार भुलायचं नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला २ टक्के उडून जाते, तर बंगळुरूत १० ते १२ टक्के! उन्हाने नुकसान होतं, पण मुरतेही लवकर. बंगळुरूच्या जगदाळे घराण्याच्या (आडनाव वाचून मला उगीचच अभिमान वाटला होता) 'अमृत'ने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन बाजारात आणली. त्यांच्या 'फ्यूजन'ला जिम मरेने २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जगात तिसरी ठरवलं. लेबलवर वय नाही, तरीही! गोव्याची 'पॉल जॉन'ही आम्हाला अशीच आवडली.

बाकी किमतीत दारू किती आणि कर किती, हेही पाहावं. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत उत्पादनखर्च दाखवलेल्या मद्यावरचं शुल्क राज्याने जून २०२५ मध्ये खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं. दुकानदाराला दोन हजार दिले म्हणजे दोन हजारांची चव मिळाली, असं काही नसतं.

असो. मुद्द्यावर येतो.

गेल्या वर्षी सरच्या यकृताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी त्याची कायमची बंद केली. अगदी थेंबभरसुद्धा नाही. तरी शनिवारी तो येतो, लिंबू सरबत घेतो. परवा तोच म्हणाला, "आता तरी उघड. मी वास घेतो. वासाला मनाई नाही."

बाटली काढली तर ती दोन बोटं खाली उतरलेली! कपाट पश्चिमेच्या भिंतीला, आणि नागपूरचे पंधरा उन्हाळे. बूच फिरवलं तर त्याचा भुगा झाला. चहाच्या गाळणीने गाळून घेतली. सरने आधी कूलर बंद करायला लावला, वाळ्याचा वास मध्ये येतो म्हणून. मग ग्लास नाकाशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हळूच श्वास घेतला. चमचाभर पाणी घालून पुन्हा घेतला. बराच वेळ डोळे मिटून बसला.

"मनुका. थोडं जुनं लाकूड. फुटाण्याच्या भट्टीसारखं काहीतरी, पण फार लांबून." आणि मग म्हणाला, "अकरा साली काय असेल रे ही!"

मी घोट घेतला. मिळमिळीत. आमची नेहमीची, एक तृतीयांश किमतीची व्हिस्कीसुद्धा हिच्यापेक्षा बरी. पण मला त्याचं दुःख नाही झालं. माझ्या लक्षात आलं की मुरण्याचं कारण मी आपलं पुढे करत होतो. खरी गोष्ट अशी, की महागाची वस्तू वापरायचं मला धाडस नव्हतं. नवी चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप पाहुण्यांसाठी, अशा घरात आमची पिढी वाढली. आणि दर शनिवारी समोर येऊन बसणारा माणूस मला पाहुणा वाटलाच नाही.

आता मी लहान बाटली आणतो, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढीच. कपाटाची जागाही बदलली. शनिवारी पहिला ग्लास सरच्या नाकापाशी जातो. तो वास घेऊन काय काय सांगतो, मग मी पितो. त्याने सांगितलेलं निम्मं मला आजही सापडत नाही.

तुमच्याही कपाटात असं काही 'चांगल्या प्रसंगासाठी' ठेवलेलं असेल, तर जरा पाहून घ्या. व्हिस्कीच असली पाहिजे असं नाही.