काका की मामा?

"तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग सांग, कोणती घ्यायची?"

ऑक्टोबर २०२३. मी एस.ई.ला, समोर सबमिशनचा ढीग, आणि फोनवर अण्णा. बारावीतले फिजिक्सचे मार्क्स बघून ज्या माणसाने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तोच माणूस आज मला सल्ला विचारत होता! खरं तर छाती फुगायला हवी होती. पण पोटात गोळा आला.

अण्णा त्याच वर्षी शाळेतून रिटायर झाले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एक सायकल आणि एक स्कूटर, एवढीच वाहनं घेतली. आणि त्याच वर्षी आईचं ऑपरेशन होऊन केमो सुरू झाली होती. दर एकवीस दिवसांनी संगमनेर ते पुणे. पहिली फेरी एस.टी.ने झाली, दुसरी भाड्याच्या गाडीने. त्या गाडीत डिझेलचा वास भरलेला. परत येताना नारायणगावपासून घरापर्यंत आईसाठी चार वेळा गाडी थांबवावी लागली. त्या रात्री अण्णांनी ठरवलं, फंडाच्या पैशातून गाडी घ्यायची आणि ती विजेवरचीच घ्यायची. वास नाही, इंजिनाची थरथर नाही.

"एकदाच घेणार आहे. चुकून चालणार नाही," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या घरात उमेदवार दोनच उभे राहिले: टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि महिंद्रांची एक्सयूव्ही ४००. कारण बाजार नव्हे, नातेवाईक! काका पिंपरीत टाटा मोटर्सच्या कारखान्यात, तर मामा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत, महिंद्राच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. नेक्सॉन बनायची रांजणगावला, एक्सयूव्ही नाशिकला. आणि आमचं संगमनेर नेमकं नाशिक-पुणे रस्त्यावर, म्हणजे रणभूमीच्या मधोमध. दिवाळीत दोघे समोरासमोर आले.

"सुमो कोणाची होती? ४०७ कोणाची?" काकांचा सवाल.

"दाजींचं वऱ्हाड कशातून आलं होतं, आठवा जरा. कमांडर जीप!" मामाचा जवाब.

आई आतून म्हणाली, "त्या जीपमध्ये माझा शालू फाटला होता." पण तिच्याकडे लक्ष द्यायला वेळ होता कोणाला?

मी मात्र शास्त्रशुद्ध मार्ग धरला. एक्सेल शीट! चोवीस ओळी, प्रत्येक ओळीला वेटेज. नेक्सॉनच्या मोठ्या मॉडेलची बॅटरी ४०.५ युनिटची, कंपनीची रेंज ४६५ किलोमीटर. एक्सयूव्हीची बॅटरी ३९.४ युनिटची, रेंज ४५६. टॉर्क एक्सयूव्हीचा ३१० न्यूटन-मीटर, नेक्सॉनचा २१५. किमती दोन्हींच्या अठरा-एकोणीस लाखांच्या घरात. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणामुळे रस्ता कर दोन्हींना माफ. नेक्सॉनची बॅटरी एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटची. वजनाच्या मानाने वीज थोडी कमी साठवते, पण उन्हाळा आणि रोजचं शंभर टक्के चार्जिंग जास्त सोसते. एक्सयूव्हीची एनएमसी, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट. तेवढ्याच वजनात जास्त वीज. इथे मी नेक्सॉनला दोन मार्क जास्त दिले.

मग रेंजची ओळ आली आणि माझी झोप उडाली. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी ठरावीक वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवून काढलेला असतो. हायवेवर वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर एसी आणि घाट. अण्णांच्या ओळखीचे एक सर ईव्ही चालवायचे. ते म्हणाले, हायवेला एका युनिटला सात किलोमीटर धर. मी गुणाकार केला. नेक्सॉन २८३, एक्सयूव्ही २७६. आणि आमची जाऊन-येऊन फेरी किती? २८०! म्हणजे एक गाडी घरापासून चार किलोमीटर अलीकडे बंद पडणार आणि दुसरी दारात येऊन. मागच्या सीटवर केमो घेतलेली आई, रात्रीचे नऊ, चंदनापुरीचा घाट. मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलवता येईना.

घाटाचं गणित मी वेगळं मांडलं. माणसांसकट गाडी १८०० किलो धरली, तर दर १०० मीटर चढाला साधारण अर्धं युनिट जातं. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालते आणि त्यातलं काही परत मिळतं. घाट वाटला तेवढा भयंकर नव्हता. भयंकर होती ती शेवटच्या चार किलोमीटरची अनिश्चितता.

तोड काढली काकांनी. "अरे, वहिनी दवाखान्यात सहा-सात तास असतात ना? तेवढा वेळ गाडी माझ्या दारात लाव. पंधरा अँपिअरचा प्लग आहे." तासाला तीन युनिट धरली तरी सहा तासांत अठरा, म्हणजे सव्वाशे किलोमीटर! आईला सलाईन लागलेलं असताना गाडीलाही सलाईन. रेंजची ओळ, जिच्यावर मी पंधरा दिवस डोकं फोडलं, ती एका प्लगने निकालात निघाली.

अंतिम निकाल: नेक्सॉन ८१, एक्सयूव्ही ७९. काका विजयी. मी अण्णांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून चोवीसच्या चोवीस ओळी वाचल्या आणि विचारलं, "यात तुझी आई कुठे आहे?"

मी गप्प.

पुढच्या आठवड्यात आईला बरं वाटत होतं तेव्हा आम्ही तिला दोन्ही शोरूममध्ये घेऊन गेलो. आई पुढे बसलीच नाही. दोन्ही वेळा मागे बसली, चपला काढल्या, पाय लांब करून पाहिले, डोळे मिटले. सेल्समन सनरूफ उघडून दाखवत होता आणि ही झोपायचं सोंग करतेय! एक्सयूव्हीची टेस्ट ड्राइव्ह घेतली मामाने, आणि तीही सगळ्यात तिखट मोडवर. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर ब्रेकसारखी गाडी मागे ओढायची. आईचा चेहरा उतरला. नेक्सॉनमध्ये स्टीअरिंगमागच्या पॅडलने हे रीजेन पार शून्यावर आणता येत होतं. मला वाटलं, झालं, काकाच जिंकले.

घरी येऊन आई म्हणाली, "त्या मामाच्या गाडीत पाय नीट पसरतात. दुसरीत गुडघे अवघडतात."

"पण आई, ते झटके?"

"गाडीचे नव्हते रे. तुझ्या मामाचे होते. अण्णा हळू चालवतील."

ब्रोशर उघडून पाहिलं. दोन चाकांमधलं अंतर एक्सयूव्हीचं २६०० मिलिमीटर, नेक्सॉनचं २४९८. हा आकडा माझ्या शीटमध्ये एकोणिसाव्या ओळीत होता. वेटेज मी दिलं होतं, एक.

मामा हवेत. काका मात्र जराही रुसले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "वहिनी, गाडी कोणाचीही घ्या, प्लग टाटावाल्याचाच लागेल हं!"

डिसेंबरात गाडी आली. पूजा, नारळ, पेढे. रात्री मी ऐटीत चार्जर प्लगला लावला, आणि लाल दिवा! गाडीत दोष शोधत अर्धा तास गेला. सकाळी वायरमन आला, त्याने मिनिटात सांगितलं, "दादा, अर्थिंगच नाही. वायर भिंतीत जाते आणि तिथेच संपते." चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर वीज घेतच नाही, तेच त्याचं काम. माझ्या जर्नलमध्ये अर्थिंगचे प्रकार सुबक आकृतीसह काढलेले होते, सरांच्या सहीसकट! आणि ज्या घरात मी अठरा वर्षं राहिलो तिथला खड्डा कुठे आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तो नव्हताच. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त कुदळ माझ्या हातात दिली. पाइप, कोळसा, मीठ, पाणी. संध्याकाळी हिरवा दिवा लागला.

पहिल्या फेरीला निघताना बॅटरी १०० टक्के होती, पुण्यात पोचलो तेव्हा ४८. काकांच्या प्लगवरून निघालो तेव्हा ९३. अण्णा सौम्य मोडवर, आयुष्यभर स्कूटर चालवली तशी गाडी चालवत होते. आई मागे पाय पसरून पडली होती. नारायणगाव आलं, गेलं. मी आरशातून सारखा मागे बघत होतो. आळेफाट्याच्या अलीकडे ती उठून बसली आणि म्हणाली, "थांबवा जरा."

माझ्या काळजात धस्स झालं.

"चहा घेऊ या की."

तेव्हा तिचं औषधही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय गाडीला देता येणार नाही, हे मला कळतं. पण तो चहा मी विसरणार नाही. उरलेल्या फेऱ्या तशाच पार पडल्या. आता आई फक्त तपासणीला जाते, आणि तेव्हा पुढे बसते.

आज मी फायनल इयरला आहे. दोन्ही कंपन्यांच्या त्यानंतर आणखी नव्या गाड्या आल्या, माझे आकडे जुने झाले. तरी हॉस्टेलवर कोणी ना कोणी विचारतोच, "घरी ईव्ही घेतायत, टाटा की महिंद्रा?" मी शीट देतो. पण त्याआधी दोन प्रश्न विचारतो. घरचं अर्थिंग बघितलंस का? आणि मागच्या सीटवर कोण बसणार आहे, त्यांना विचारलंस का?

– बी. ई. (इलेक्ट्रिकल)