पाटाचें पाणी आणि मूत्रपिंड

कन्नड तालुक्यांतील आमच्या पिशोरच्या शिवारांत दारें धरणाऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. शेवटच्या वाफ्याला पाणी पोंचेना, तर दोष नेहमींच विहिरीचा नसतो. पुष्कळदां वाटेंतला पाटच गाळानें अरुंद झालेला असतो. तो न पाहतां पाण्याचा जोर वाढविला, तर आधींचे वाफे मात्र फुटतात.

मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली म्हणजे देहांत हाच प्रकार घडतो. रक्त कमी मिळूं लागतांच, साऱ्या देहाचाच रक्तदाब उतरला असें समजून मूत्रपिंड रेनिन नांवाचें द्रव्य सोडतें, आणि दाब भलताच चढतो. कुत्र्यांच्या या धमन्या चिमट्यानें आवळल्या कीं दाब चढतो, हें हॅरी गोल्डब्लॅट यांनीं १९३४ सालीं दाखवून दिलें.

आमच्या नात्यांतील एका विशींतल्या सुनेचें डोकें वर्षभर दुखत होतें. कोणी ऊन म्हणे, कोणी दृष्ट. या वयांत कसला रक्तदाब, म्हणून दवाखान्यांतही तिच्या दंडास पट्टा बांधला गेला नाहीं. पुढें शहरांत तपासणी झाली, तों एक मूत्रपिंड सुकून लहान झालेलें आढळलें. वृद्धांत धमनीच्या आंत मेदाचे थर सांचतात हें खरें. पण आपल्या देशांत तरुण स्त्रियांना होणारा ताकायासू नांवाचा धमनीदाह हेंही या रोगाचें एक प्रमुख कारण आहे.

अशी धमनी फुग्याच्या नळीनें रुंद करण्याचा उपचार आन्द्रेआस ग्रुंट्सिग यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केला. तथापि तो सर्वांस सरसकट लागू नाहीं. मेदानें अरुंद झालेल्या धमनींत जाळीदार नळी बसविल्यानें बहुतेकांस औषधांहून अधिक लाभ होत नाहीं, असें २००९ व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चांचण्यांत दिसून आलें. शिवाय दोन्ही धमन्या अरुंद असतां रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं मूत्रपिंडाचें काम मंदावूं शकतें. म्हणून रक्त तपासूनच त्या द्याव्या लागतात.

सुनेचें आज दुसऱ्या मूत्रपिंडावर व नेमानें घेतलेल्या औषधांवर ठीक चाललें आहे. सुकलेलें मात्र परत आलें नाहीं. डोकेंदुखीनें बसलेल्या लेकीसुनेची दृष्ट खुशाल काढावी; परंतु त्याच दिवशीं तिचा रक्तदाबही मोजून घ्यावा, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.