इकडील सर्व क्षेम

हेरकथांचा आणि माझा स्नेह कधींच जमला नाहीं. इंग्रजीच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीखालीं जॉन बकनची कादंबरी दिसली कीं मी नाक मुरडीत असें. नायकाच्या हातीं पिस्तूल आलें कीं त्याचें मन हरवतें, हा माझा जुना आक्षेप. २०१८ च्या मे महिन्यांत मुलुंडच्या एका चित्रगृहांत ‘राझी’ पाहावयास मी गेलों तो केवळ ताईच्या आग्रहामुळें. ताई माझ्याहून बारा वर्षांनीं वडील. चार दिवस राहावयास आमच्याकडे आली होती.

मेघना गुलजार यांचा हा बोलपट हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीवर आधारलेला आहे. काळ १९७१ चा. दिल्लीस शिकणारी एक काश्मिरी तरुणी, सेहमत, आजारी पित्याच्या शब्दाखातर पाकिस्तानांतील एका लष्करी घराण्यांत सून म्हणून जाते, आणि तेथून मोर्सच्या लिपींत बातम्या धाडूं लागते. ‘विक्रांत’ या युद्धनौकेवरील संकटाचा सुगावा तिलाच लागतो. एवढें ऐकून कोणासहि वाटेल कीं, आतां बंदुका आणि पाठलाग! तेहि आहेत, उत्तरार्धांत तर योगायोग अंमळ जास्तच झाले आहेत. परंतु आलिया भट्टची सेहमत त्या घरांत वावरूं लागली तेव्हां माझ्या मनांत आलें, ही जें करते आहे तें कोणती नवी नवरी करीत नाहीं? कोणाला कशाचा राग येतो, कोण कोणत्या वेळीं बाहेर असतो, कोणाची नजर आपल्या पाठीवर आहे, हें सारें टिपून घ्यावयाचें आणि चेहरा हंसरा ठेवावयाचा. हेराच्या आणि सुनेच्या शिक्षणांत इतकें साम्य असेल हें माझ्या कधीं ध्यानांतच आलें नव्हतें.

त्यांतून त्या घरांत दुष्ट असें कोणी नाहीं. सासरा मायाळू, विकी कौशलचा इक्बाल तर असा सभ्य कीं, त्याला फसविणें प्रेक्षकालाच जड जावें. जाऊ मुनिरा हिची भूमिका आपल्या अमृता खानविलकर यांनीं केली आहे. तिचें कपाळ पुढें सेहमतच्याच हातून पांढरें होतें. आरंभीं एका खारीला मोटारीखालून वांचविणारी ही मुलगी, घरच्या जुन्या नोकराला संशय येतांच त्याच्या अंगावर स्वतः जीप घालते. त्या प्रसंगीं चित्रगृहांत एकहि टाळी वाजली नाहीं. ताईनें माझें मनगट घट्ट धरलें होतें. मला विशाखदत्त आठवला. चाणक्याच्या हेरांनीं एवढें जाळें पसरलें, पण राक्षस अखेर सांपडला तो चंदनदासावरील स्नेहाच्या गांठींत.

परततांना पांच रस्ता येईपर्यंत ताई रिक्षांत कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “बाळ, माझीं कार्डं आठवतात का रे तुला?”

आठवत होतीं. १९७५ सालीं ती सासरीं गेली तेव्हां मी दहा वर्षांचा होतों. दर पंधरवड्यास तिचें पोस्टकार्ड येई, आणि आई चुलीपाशीं असल्यामुळें तें मी मोठ्यानें वाचून दाखवीत असें. ‘इकडील सर्व क्षेम’, आणि त्यापुढें परसांतील झाडांची हकीकत: तुळस बरी आहे, जास्वंदीला कीड लागली, मोगऱ्याला यंदाहि कळी नाहीं. मला कंटाळा येई. आई मात्र तेंच कार्ड पुन्हां वाचावयास लावी. एखादें कार्ड ऐकून ती पाटावर तशीच बसून राही, आणि भात करपल्याचा वास मला आधीं येई.

“माझीं कार्डं सासूबाईंनीं वाचल्यावांचून पेटींत पडत नसत,” ताई म्हणाली. “आणि त्या घराला परस नव्हतं रे.”

मी त्या घरीं दोन दिवाळ्यांना जाऊन आलों होतों. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. जिना चढून मीच गेलों होतों. खिडकींतून समोरच्या गिरणीचें पत्र्याचें छप्पर दिसे. त्यानंतरहि झाडांचीं कार्डें मी आईला वाचून दाखविलीं. आणि आज तीस वर्षें मुलांना कविता कशी वाचावी तें शिकवून पगार घेत आहें.

“जास्वंद म्हणजे कोण?” मी विचारलें.

“तें आईला ठाऊक होतं,” ताई म्हणाली, आणि पुढें वाकून रिक्षावाल्याला डावीकडची गल्ली दाखवूं लागली.