इलोइलोच्या वाडग्यात आपली तूर!

दोस्तांनो, फिलिपाइन्स म्हणजे सात हजारांहून अधिक बेटांचा देश. त्यातल्या पनाय नावाच्या बेटावर इलोइलो हे शहर आहे. २०२३ साली युनेस्कोनं त्याला खाद्यसंस्कृतीच्या शहरांच्या यादीत जागा दिली. त्याआधी फिलिपाइन्समधल्या एकाही शहराला हा मान मिळाला नव्हता. मग तिथं गेल्यावर खायचं तरी काय काय? चला, एक फेरफटका मारू या.

सुरुवात ला पाझच्या बाजारापासून. इथला 'बाचॉय' म्हणजे वाफाळतं नूडल्सचं सूप. हाडं उकळून काढलेला रस, त्यात डुकराचं मांस आणि काळीज, वरून तळलेला लसूण, कांद्याची पात आणि डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा. काही दुकानांत सूप संपलं की थोडं आणखी मागून घेता येतं, बरं का!

तिथून जायचं मोलो भागात. स्पॅनिश राजवटीत इथं चिनी लोकांची वस्ती होती. इथला प्रसिद्ध पदार्थ 'पान्सित मोलो'. पान्सित म्हणजे नूडल्स, पण या वाडग्यात नूडल्सचा पत्ताच नाही! असतात त्या पिठाच्या पातळ पारीत खिमा भरलेल्या छोट्या पुरचुंड्या. आपल्या मोदकाची चुलत भावंडंच जणू!

आता खरी गंमत. इलोइलोच्या घराघरांत 'केबीएल' शिजतं. के म्हणजे काद्योस, बी म्हणजे बाबोय, एल म्हणजे लांका. बाबोय म्हणजे डुकराचं मांस. आणि उरलेले दोन? काद्योस म्हणजे आपली तूर आणि लांका म्हणजे चक्क फणस! तुरीचं मूळ घर भारतच. तिथल्या काळसर दाण्यांमुळे रस्सा जांभळट दिसतो. आंबटपणासाठी त्यात 'बातवान' नावाचं फळ घालतात. हे फळ आपल्या कोकमाच्या कुळातलं. म्हणजे कोकणातल्या आजीला हा रस्सा वाढला, तर दोन गोष्टी तरी ती लगेच ओळखेल! डुकराचं मांस नको असेल, तर कोंबडी आणि केळीचा गाभा घालून केलेला 'केएमयू' मागावा.

शाकाहारी मंडळींनी मात्र आधी नीट विचारून घ्यावं. नुसत्या भाजीतही कोळंबीची चटणी किंवा मासळीचं खारं पाणी घातलेलं असू शकतं. त्यांच्यासाठी 'इबोस' छान. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात कालवून, ताडाच्या कोवळ्या पानात गुंडाळून उकडायचा आणि साखर किंवा पिकल्या आंब्याबरोबर खायचा.

आणि आंबा म्हटलं की गिमारास! इलोइलोहून होडीनं थोड्याच वेळात हे बेट येतं. इथले आंबे गोडीसाठी नावाजलेले. पण पिशवीत एखादा आंबा घेऊन तिकडं निघालात, तर तो अलीकडेच ठेवावा लागेल. बाहेरच्या फळांतून कीड येऊ नये म्हणून बेटावर दुसरीकडचे आंबे न्यायला बंदी आहे. आपल्या झाडांना तिथले लोक किती जपतात, पाहा!

इलोइलोची भाषा हिलिगायनोन. जेवण आवडलं की तिथं म्हणतात, "नामित गीद!" म्हणजे "फारच चविष्ट!" पुढच्या वेळी घरी तुरीच्या दाण्यांची आमटी झाली, की आईला असं म्हणून बघा. ती काय म्हणते, ते आम्हाला जरूर कळवा!